हिरव्या माणसाचे नऊ सेकंद

काटेबाईंची वही कुणी चाळली असती, तर त्याला वाटलं असतं, या बाईचं जगाशी काहीतरी जुनं भांडण आहे. ‘येथे फाडा’ असं छापलेलं पाकीट नेमकं तिथेच का फाटत नाही? बँकेतल्या पेनाला दोरी बांधायची आठवण राहते, मग त्यात शाई भरायची का राहत नाही? आपण ज्या खिडकीपुढे रांगेत उभे राहतो तिथलाच माणूस का उठून जातो? प्रत्येक प्रश्नाखाली तारीख, वेळ आणि जमेल तिथे मोजमाप. पाकिटांचा तर त्यांनी रीतसर छडा लावला होता. चाळीस पाकिटं फाडली, त्यातली एकतीस भलतीकडेच फाटली. मग महिनाभर घरात सगळं डब्यांतूनच खावं लागलं.

भांडण वगैरे काही नव्हतं. बाईंना कुतूहल होतं, आणि ते त्यांना गप्प बसू देत नव्हतं. बत्तीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासण्याच्या खात्यात निरीक्षक म्हणून काढली. त्या दुकानात शिरल्या की तराजूचे काटे आपोआप सरळ होतात, असं लोक म्हणायचे, तेव्हापासून त्या काटेबाई. निवृत्त झाल्यावर कुणी बागकाम करतं, कुणी ओळखीच्या सगळ्यांना रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतं. बाईंनी वही सुरू केली. छंद म्हणजे ज्याबद्दल कुणीही आपल्याला काही विचारलेलं नसतं ते काम, अशी त्यांची व्याख्या होती आणि तीही वहीत होती.

घरात त्या आणि त्यांचा दादा, दोघंच. वहिनी गेल्यावर दादा बहिणीकडे राहायला आला होता. वय अडुसष्ट, जन्म छापखान्यात गेलेला, आणि गेल्या वर्षी खुबा मोडल्यापासून हातात काठी. बोलायला मोजका. पण रोज चारच्या ठोक्याला रस्त्यापलीकडे शिंपीकाकांच्या दुकानात बुद्धिबळ खेळायला जायचा आणि येताना वेगळाच माणूस होऊन यायचा. जिंकला तर गुणगुणत, हरला तर शिंप्याला शिव्या घालत, पण दोन्ही वेळा पोटभर बोलत. बाईंच्या घरातलं निम्मं बोलणं त्या पटावरून यायचं.

चार महिन्यांपूर्वी ते थांबलं.

“सिग्नल पुरत नाही,” दादा म्हणाला. “मी निम्म्यात असतो आणि दिव्यातला तो हिरवा माणूस विझतो. गाड्या अंगावर येतात. कशाला जीव धोक्यात घालू?”

बाईंना हे पटलं, कारण त्यांनीही तो रस्ता पाहिला होता. सहा गाड्या शेजारी शेजारी मावतील एवढा रुंद. शिंपीकाका यायला तयार असतील, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. “त्याचं दुकान आहे, त्याला कशाला त्रास,” म्हणत दादानं विषय उडवला. मग तो चार वाजता खिडकीशी बसू लागला. बोलणं आटलं, जेवण कमी झालं, शर्ट खांद्यावरून उतरायला लागले. दादा आपल्या डोळ्यांसमोर विरत चालला आहे, हे बाईंना दिसत होतं आणि रात्री अंथरुणावर पडलं की त्याच विचारानं त्यांना झोप लागायची नाही. काहीही करून याला परत त्या पटापुढे बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. आणि बाईंना काही करायचं म्हणजे आधी मोजायचं.

तीन दिवस त्या सकाळ, दुपार, संध्याकाळ सिग्नलच्या खांबापासून जरा लांब घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. दादाला रस्ता ओलांडायला किती वेळ लागेल तेही त्यांनी घरातल्या बोळात त्याला चालवून काढलं. अठरा सेकंद. हिरवा माणूस उभा राहायचा नऊ.

खात्याची एक पद्धत त्यांच्या हाडीमांसी खिळली होती. मालाची पाकिटं तपासताना एकेक तोलायचं आणि सगळ्यात कमी भरेल तो आकडा अहवालात घालायचा. जास्त भरलं तर ते सोडून द्यायचं. दुकानदारानं माल जास्त दिला म्हणून त्याला कुणी नोटीस पाठवत नाही. सिग्नलच्या छप्पन नोंदींतले एक-दोन आकडे जास्तीचे निघाले, ते बाईंनी सवयीप्रमाणे बाजूला ठेवले. अहवाल झाला: नऊ सेकंद. खाली सही आणि ‘निवृत्त निरीक्षक’.

हा कागद वॉर्ड ऑफिसात दिला आणि तिथून तो कसा कोण जाणे होऊनजाईल साहेबांच्या हाती पडला. साहेब निवडणुकीला उभे होते. गटार म्हणा, दिवे म्हणा, त्यांचं उत्तर एकच असायचं, “होऊन जाईल,” म्हणून लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. ते स्वतः घरी आले, दादाच्या पाया पडले आणि बाईंना म्हणाले, “ताई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. आकड्यापुढे कुणाची बोलती बंद होणार नाही? मी हे लावून धरतो.”

“सिग्नलची वेळ वाढली म्हणजे झालं,” बाई म्हणाल्या.

“होऊन जाईल.”

बाई त्या दिवशी हरखून गेल्या हे खरं. बत्तीस वर्षांच्या अहवालांवर कुणी असं अंगणात उभं राहून बोललं नव्हतं.

आठवड्यानं पत्रक आलं. वर साहेबांचा हसरा फोटो, मधे मोठ्या अक्षरांत ‘फक्त नऊ सेकंद! किती बळी हवेत?’ आणि त्याखाली ‘निवृत्त शासकीय अधिकाऱ्यांनी स्वतः मोजलेलं सत्य’. उपाय म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्या भव्य पादचारी पुलाचं रंगीत चित्र. बाईंनी चष्मा लावून चित्रातल्या पायऱ्या मोजल्या. अडतीस चढायच्या, अडतीस उतरायच्या.

त्यांनी साहेबांना फोन लावला. “अहो, माझा भाऊ काठी घेऊन चालतो. तो अडतीस पायऱ्या कसा चढेल?”

“लिफ्टचं बघू ना ताई.”

“चित्रात लिफ्ट नाही.”

“होऊन जाईल. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे. तुम्ही स्टेजवर बसायचं आणि दोन शब्द बोलायचे. बाकी माझ्यावर सोडा.”

राजकारण म्हणजे काय, यावर बाईंनी त्या संध्याकाळी वहीत पाऊण पान लिहिलं. आपण कुणाच्या हातात कात्री द्यावी आणि त्यानं त्याच कात्रीनं आपल्याच पदराची झालर करून आपल्यालाच भेट द्यावी, आणि वर आभार मानायला आपणच उभं राहावं, असं काहीसं. मग ते खोडून ‘राग आला’ एवढंच ठेवलं. ते जास्त अचूक होतं.

सभेत बोलायचं तर मूळ नोंदी हाताशी असाव्यात, म्हणून त्यांनी त्या पुन्हा काढल्या. नऊ, नऊ, नऊ, नऊ. आणि मंगळवारी सकाळी एकवीस. बुधवारी दुपारी पुन्हा एकवीस.

बाईंनी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला. हे कमी-जास्त भरलेलं पाकीट नव्हतं. साडेनऊ आलं असतं, दहा आलं असतं तर गोष्ट वेगळी, पण सरळ एकवीस, आणि तेही दोनदा? यंत्र लहरीवर चालत नाही. शेरा लिहायच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात होतं: ‘पिशवीवाली बाई, खांबाला टेकून चप्पल नीट करते.’ दुसऱ्यापुढे: ‘सायकलवाला, खांब धरून उभा.’

बाईंना कित्येक दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. रात्री नीट झोप लागली नाही, पण ती वेगळ्या कारणानं. सकाळी चहासुद्धा न घेता त्या खांबाशी पोचल्या आणि त्याला टेकल्या. नऊ. उजव्या बाजूनं टेकल्या. नऊ. पाठ लावली, खांदा लावला, एक पाय वर घेऊन चप्पल काढली. चालणाऱ्या एका गृहस्थांनी “चक्कर येतेय का?” म्हणून पाण्याची बाटली पुढे केली. “नाही हो, मी तपासणी करतेय,” बाई म्हणाल्या, तेव्हा ते बाटली घेऊन जरा घाईनंच निघून गेले.

खांबावर पोस्टरांचा थर होता, अंगठ्याएवढा जाड. सगळ्यात वर साहेबांचा हसरा चेहरा. चप्पल घालताना बाईंचा तळवा त्यांच्या डाव्या गालावर टेकला आणि गालाच्या आत हाताला काहीतरी टणक लागलं. त्यांनी गाल दाबला. आतून ‘टक्’ असा आवाज आला. थोड्या वेळानं हिरवा माणूस उभा राहिला आणि एकवीस सेकंद हलला नाही.

मग बाईंनी केसातली पिन काढली आणि उकरायला घेतलं. साहेबांच्या खाली शिकवणीची जाहिरात, तिच्याखाली हरवलेला कुत्रा, त्याच्याखाली मागच्या खेपेचे उमेदवार, त्यांच्याखाली त्याच्याही मागचे. पाच थरांखाली पिवळी पेटी निघाली, मधे गोल बटण, आणि वर लिहिलेलं: ‘वृद्ध व अपंग व्यक्तींनी रस्ता ओलांडण्यासाठी दाबा.’

बाई रस्त्यातच मोठ्यांदा हसल्या. आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की आपण सही केलीय.

नऊ सेकंद खोटे नव्हते. पण अर्धंच खरं सांगून वर सही ठोकायची, याला काय म्हणायचं? काटा चोख ठेवून पारड्याखाली मेण लावणारे दुकानदार त्यांनी पकडले होते. तेही म्हणायचे, बाई, काटा बघा, काटा चोख आहे. तो जास्तीचा आकडा समोर आला तेव्हा, हा का आला, एवढा साधा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. पाकिटांना विचारणारी बाई रस्त्याला विचारायची विसरली. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

घरी येऊन त्यांनी दादाला एका दमात सगळं सांगितलं. “एकवीस, दादा! तुला अठरा लागतात. वर तीन उरतात!”

दादानं वर्तमानपत्र खाली केलं. “बरं,” म्हणाला. मग थोड्या वेळानं, “चिमे, हे कुणाला सांगू नकोस.”

“का?”

“तुझी सही आहे त्यावर. लोक हसतील. पूल होतोय तर होऊ दे ना.”

“पुलावर तू चढणार आहेस?”

दादानं वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं. माझी काळजी वाटते याला, असं बाईंना वाटलं आणि त्यांना भरून आलं.

रविवारी हॉल गच्च भरला होता. साहेबांनी बाईंची ओळख करून दिली, माइक त्यांच्या हाती दिला आणि स्वतः टाळ्या सुरू केल्या. दुकानदारांवर डाफरणं वेगळं आणि स्वतःची चूक दोनशे माणसांसमोर काढणं वेगळं.

“मी दिलेला अहवाल अपुरा आहे,” त्या म्हणाल्या. “त्या खांबावर बटण आहे. ते दाबलं की एकवीस सेकंद मिळतात. ते पोस्टरांखाली झाकलं गेलं होतं. सगळ्यांच्या पोस्टरांखाली. मला दोनदा एकवीस मिळाले होते, मी ते सोडून दिले. चूक माझी आहे. पुलाची गरज नाही. तिथे पोस्टर लावू नका, एवढं पुरे.”

हॉलमध्ये कुजबूज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, आठवडाभर थांबला असतात तर पूल तरी पदरात पडला असता!” त्यावर हशा झाला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मात्र विचारलं, “बटण कुठल्या बाजूला आहे?” बाईंनी त्यांना हातानं खूण करून दाखवली.

साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी माइक घेतला. “मित्रहो, आपल्या प्रयत्नांनी बटण सापडलं! आता बटणही राहील आणि पूलही होऊन जाईल!” टाळ्या पडल्या. बाई स्टेजवर बघतच राहिल्या. असा माणूस कुठल्या मापानं मोजायचा, हे त्यांना खरंच जाणून घ्यायला आवडलं असतं.

तरी घरी येताना त्यांचं मन पिसासारखं हलकं होतं. दारातूनच त्यांनी हाक मारली, “दादा, चल! चार वाजायला आलेत. मी बटण दाबते, तू चाल.”

“मी येत नाही.”

“अरे पण आता एकवीस सेकंद...”

“तुला कुणी सांगितलं होतं मोजायला?” दादा ओरडला. दादा बाईंवर शेवटचा ओरडला होता तेव्हा त्या आठवीत होत्या. “जिथे तिथे घड्याळ घेऊन उभी राहतेस! एक गोष्ट माणसाला स्वतःपुरती ठेवू देशील की नाही?”

बाई चपलांसकट दारातच उभ्या राहिल्या. आणि गेले चार महिने त्यांनी जो विचारायला हवा होता, तो प्रश्न त्यांना आत्ता सुचला. त्या येऊन त्याच्यासमोर बसल्या.

“दादा, सिग्नल नव्हता ना रे? काय झालं होतं?”

तो काठीची मूठ चोळू लागला.

“खेळत होतो,” तो म्हणाला. “उंट हातात घेतला. आणि मला कळेना, हा चालतो कसा. चाळीस वर्षं खेळतोय मी. सरळ जातो की अडीच घरं उडतो, काही म्हणता काही आठवेना. हातात लाकडाचा तुकडा नुसता.”

“किती वेळ?” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“दोन मिनिटं असतील. मग आठवलं.” तो थांबला. “पण शिंप्यानं पाहिलं. काही बोलला नाही. आणि पुढच्या चार चालीत मुद्दाम हरला. आपला वजीर माझ्या घोड्याच्या माऱ्यात आणून ठेवला. उंट कसा चालतो ते मला कळलं नाही, चिमे, पण हे बरोबर कळलं. मग तुला काय सांगणार? सिग्नल बरा होता. त्याचा दोष कुणावरही टाकता येत होता.”

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. चार महिने हा माणूस एकटाच हे घेऊन खिडकीत बसला होता आणि आपण रस्त्यावर उभं राहून दिव्यांशी हुज्जत घालत होतो. आपण त्याची अडचण दूर केली नव्हती, त्याची आडोशाची भिंत पाडली होती.

“डॉक्टरकडे जाऊ,” त्या म्हणाल्या.

“जाऊ.”

“काय सांगतील?”

“मला काय ठाऊक? तुझ्यासारखाच विचारीन.”

“आणि शिंपीकाका?”

दादानं खांदे उडवले. “दया करणाऱ्याशी कसला खेळ?”

“मग हे त्यांना सांगितलंस?”

पाच-सात मिनिटांनी दादा उठला आणि खुंटीवरचा सदरा काढला.

बटण त्यानं स्वतःच दाबलं. पलीकडे पोचेपर्यंत त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. बाई शेजारून चालत होत्या. त्यांनी घड्याळाचं मनगट पदराखाली घेतलं होतं.

शिंपीकाकांचं दुकान म्हणजे एक मशीन, एक कापायचं टेबल आणि खुंट्यांवर माणसांविना लटकणारे अर्धवट कोट. दोन गिऱ्हाइकं उभी होती. काकांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, दादाकडे पाहिलं आणि हातातला खडू खाली ठेवला.

“आलास,” ते म्हणाले.

“मुद्दाम हरणार असशील तर इथूनच परत जातो,” दादा दारातूनच म्हणाला.

काका गोरेमोरे झाले. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली.

“मला अधूनमधून विसरायला होतं,” दादा सगळ्यांसमोर म्हणाला. “पुढे वाढेलही. विसरलो तर सांग. पण मला जिंकून देऊ नकोस.”

“अरे, मला वाटलं तुला वाईट वाटेल,” काका पुटपुटले. “मग तू आलाच नाहीस. चार महिने मी स्वतःला शिव्या घालतोय.”

“त्या आता मी घालतो. पट काढ.”

टेबलावरचं कापड बाजूला झालं. बाई स्टुलावर बसल्या. त्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्या फक्त दादाच्या हाताकडे बघत होत्या. पहिल्या अर्ध्या तासात तो हात कुठेच अडला नाही. गिऱ्हाइकं मापं द्यायची सोडून बघत राहिली. मग दादानं उंट उचलला, आणि हात तसाच हवेत राहिला.

दादाचे डोळे पटावरून एकदा फिरले, दोनदा फिरले. कपाळावर घाम आला. त्यानं मान वर करून काकांकडे पाहिलं. मागायला आलेल्या माणसासारखं नाही, फक्त पाहिलं.

“तिरका, गाढवा!” शिंपीकाका दुकानाबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले. “तिरका चालतो तो!”

दादा हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा, खांदे हलवून. त्यानं उंट तिरका ओढत पार पलीकडच्या टोकाला नेला आणि तिथे टेकवला.

“शह,” तो म्हणाला.

काका पटावर वाकले. त्यांनी राजाकडे पाहिलं, उंटाकडे पाहिलं, पळायला घर शोधलं, आणि त्यांचा चेहरा खरोखरच पडला.